बॉयलरच्या कोळशात सापडलेलं पान

प्रश्न: नमस्कार सर, मी सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात बॉयलरवर कामाला आहे. परवा कोळशात एक राखाडी चपटा दगड आला, फोडला तर दोन फाका झाल्या अन् आत पानाचा ठसा. लांबट पान, मधे जाड शीर, दोन्हीकडं बारीक जाळी. पोरीनं नेटवर लय शोधलं पण अगदी असंच कुठं दिसलं नाही. नवीन जात असंल का ओ? आणि नाव कोण देतं?

उत्तर: सगळ्यात आधी, दोन्ही फाका नीट जपा, एक पण टाकू नका, कारण एकीवर नीट न दिसणारी शीर दुसरीवर स्पष्ट असू शकते. पाण्यानं घासू नका, वॉर्निश तर अजिबात लावू नका, कागदात गुंडाळून ठेवा.

तुम्ही सांगताय त्यावरून हे ग्लॉसोप्टेरिस वाटतंय. पर्मियन काळातलं झाड, म्हणजे साधारण 30 ते 25 कोटी वर्षांपूर्वीचं, आपल्या चंद्रपूर-वणीकडच्या कोळशाच्या थरांत याची पानं भरपूर मिळतात. मधली शीर नसती तर गँगामोप्टेरिस या तशाच पानांच्या जुन्या झाडाचा विचार केला असता. पण ग्लॉसोप्टेरिसच्या जातीच इतक्या आहेत की नेटवर जुळणारा फोटो नाही म्हणून जात नवीन, असं धरता येत नाही. पिंपळाखाली पडलेली पानं गोळा करून बघा, एकाच झाडाची पण लहान-मोठी, रुंद-अरुंद निघतात, तसंच इथं, म्हणून एका पानावर जात ठरवणं मला तरी पटत नाही. जाळीची घरं मधल्या शिरेजवळ कशी आहेत, कडेला कशी, शिरा किती तिरक्या जातात, टोक कसंय हे मोजून जुन्या वर्णनांशी ताडतात. दगडावर पानाची काळी पापुद्र्यासारखी साल शिल्लक असेल तर फारच छान, ती ॲसिडमधे साफ करून मायक्रोस्कोपखाली पेशी आणि पर्णरंध्रं बघता येतात, पण ते काम लॅबचंच.

खरी अडचण वेगळीच आहे, तो कोळसा आला कुठनं? सोलापूरचा आपला काळा दगड लाव्हाचा, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, त्याचा इथं संबंध नाही. आणि नुसत्या पानावरून खाण कळत नाही, कारण साउथ आफ्रिकेच्या कोळशातसुद्धा ग्लॉसोप्टेरिस असतं, तेव्हा हे सगळे भूखंड एकच होते. अंटार्क्टिकात 1912 मधे, दक्षिण ध्रुवावरून परतताना मेलेल्या स्कॉटच्या टीमच्या मृतदेहांसोबत जे दगड मिळाले त्यातपण हीच पानं होती! इंडोनेशियाचा कोळसा मात्र बराच अलीकडचा, त्यात हे मिळणार नाही. तेव्हा कोळसा डेपोवाल्याकडनं मालाचं चलान मागा, खाणीचं नाव लिहून घ्या आणि दगडासोबतच ठेवा, खाण आणि थर माहीत नसेल तर नमुन्याची किंमत फार कमी होते.

नावाचं म्हणाल तर डिग्रीची अट नाही. इंग्रजी किंवा लॅटिनमधे वर्णन, सोबत चित्र किंवा फोटो, आणि मूळ नमुना कुठल्या संग्रहात ठेवलाय ते नीट छापावं लागतं, छापणाऱ्याचं नाव जातीमागं लागतं. सोलापूर विद्यापीठातल्या भूशास्त्राच्या लोकांना आधी दाखवा, मग लखनौच्या बिरबल साहनी संस्थेला, म्हणजे जीवाश्मांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेला, फोटो पाठवा. फोटो काढताना उजेड एका बाजूनं तिरका पडू द्या आणि शेजारी पट्टी ठेवा, म्हणजे शिरा उठून दिसतील आणि मापपण कळेल.