मंत्री खासदारांनीच निवडायचे, मग पंतप्रधान काय करणार?

प्रश्न : सर, मी नागपुरात एमपीएससीची तयारी करतो. डिसेंबर 2024 मध्ये आपल्या राजभवनात मंत्र्यांचा शपथविधी झाला, त्याआधी कोणाचं नाव आहे अन् कोणाचं कटलं यावरच टपरीवर चर्चा. आता वाचलं की दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियात लेबर पार्टीच्या पंतप्रधानाला आपले मंत्री निवडताच येत नव्हते. संसदीय पद्धतीत हे कसं चालतं?
– एक वाचक, महाल

उत्तर : चालतं ना भाऊ, चांगलं चाललं. जुलै 1945 मध्ये पंतप्रधान कर्टिन वारले, मग आठवडाभर फोर्ड, आणि 13 जुलैला बेन चिफली आले, हा माणूस आधी रेल्वेचा इंजिन ड्रायव्हर, 1917 च्या संपात नोकरी गेलेला, आणि पंतप्रधान झाल्यावरही अर्थखातं स्वतःकडेच ठेवलं. लेबरचा नियम असा की मंत्री कोण हे पार्टीचे सगळे खासदार मतदान करून ठरवणार, त्या बैठकीला कॉकस म्हणतात, आणि पंतप्रधानाच्या हातात फक्त खातेवाटप. म्हणजे नको असलेला माणूसही गळ्यात पडायचा. कर्टिनच्याच मंत्रिमंडळातल्या एडी वॉर्डचंच बघा, लढाई चालू असताना त्यानं आधीच्या सरकारवर असे आरोप केले की चौकशी बसली आणि कर्टिनला त्याला बाजूला करावं लागलं, तरी 1943 ची निवडणूक झाल्यावर कॉकसनं त्याला परत निवडलं, मग त्याला दळणवळण आणि बाहेरचे प्रदेश असं खातं देऊन टाकलं, चिफलीकडेही तो 1949 पर्यंत तिथंच. (आपल्याकडे यालाच साइडला लावणं म्हणतात.)

कायद्याचा प्रश्न येतच नाही, कारण शपथ गव्हर्नर जनरल देतो आणि सल्ला पंतप्रधानाचाच, फक्त तो सल्ला काय द्यायचा ते पार्टीनं आधीच बांधून ठेवलेलं. आपल्या राज्यघटनेच्या कलम 164 मध्येही मुख्यमंत्र्याच्या सल्ल्यानं एवढंच आहे, त्यानं यादी कुठून आणायची ते लिहिलेलं नाही.

आणि निवड कशीही होवो, निर्णय झाला की जबाबदारी सगळ्यांची. 1949 मध्ये कोळसा खाणकामगारांचा संप झाला तेव्हा या लेबर सरकारनंच युनियनचे पैसे गोठवले, ऑगस्टमध्ये उघड्या खाणींत चक्क सैनिक उतरवले, उमरेडकडच्या वाचकांना हे लगेच कळेल. डिसेंबरातल्या निवडणुकीत विरोधी पक्षनेते मेंझिस जिंकले. पुढे 2007 मध्ये लेबरचा पंतप्रधान केविन रडनं मंत्री स्वतः निवडले, पण 2013 मध्ये पार्टीनं तो अधिकार परत कॉकसकडे घेतला.