‘रीझो आमारो’ (‘कडू तांदूळ’, १९४९) हा इटालियन चित्रपट नववास्तववादी (सामान्य कष्टकऱ्यांचं जगणं वास्तव जागी दाखवणारा) की गुन्हेगारी मेलोड्रामा? पाहताना कशाकडे लक्ष द्यावं?

दोन्ही, आणि तेही ठरवून. दिग्दर्शक जुझेप्पे दे सांतिस यांनी चोरीची गोष्ट उचलून थेट उत्तर इटलीतल्या व्हेर्चेल्लीच्या भातखाचरांत नेली. चोरीचा हार जवळ, पोलीस मागावर. म्हणून फ्रांचेस्का (डोरिस डाउलिंग) तोरिनो स्टेशनवर निंदणी-लावणीच्या कामाला निघालेल्या बायकांच्या गाडीत चढते. त्या बायकांतल्याच सिल्व्हानाची (सिल्व्हाना मांगानो) नजर त्या हारावर पडते. पुढे फ्रांचेस्काचा चोरीतला साथीदार वाल्टर (व्हित्तोरिओ गासमान) येतो आणि त्याची नजर कोठारातल्या तांदळावर जाते.

मजुरीचा हिशेब नीट लक्षात ठेवा, कारण सगळं त्यावरच उभं आहे. हंगाम चाळीस दिवसांचा आणि पैशांखेरीज रोज एक किलो तांदूळ. म्हणजे वाल्टर चोरीच्या तांदळाने जे ट्रक भरतो, त्यात या बायकांची मजुरी आहे. लोकांचं लक्ष दुसरीकडे वळावं म्हणून सिल्व्हाना खाचरांत पाणी सोडते, तेव्हा ती आपल्याच सोबतिणींच्या कष्टांवर पाणी फिरवत असते. (पुढे शेवट सांगतोय.) हार खोटा निघतो, तांदूळ मात्र खरा, म्हणूनच शेवटी सिल्व्हानाच्या मृतदेहावर प्रत्येक बाई आपल्या वाट्यातले तांदूळ टाकते, ते इतकं लागतं. मला हा प्रसंग चित्रपटातला सर्वांत पक्का वाटतो.

खाचरातल्या भांडणाचा प्रसंग सावकाश बघा. कंत्राट असलेल्या आणि नसलेल्या बायका शेजारशेजारी कामाला लागतात. बिनकंत्राटी बायका आपल्याला ठेवून घ्यावं म्हणून हात भरभर चालवतात. कामावर बोलायला बंदी, गायला नाही; त्यामुळे टोमणे गाण्यातूनच मारले जातात. गाण्यांची सबटायटल्स नसलेली प्रत घेतलीत, तर हा प्रसंग निव्वळ लोकगीत वाटेल आणि भांडण एकाएकी कुठून पेटलं ते कळणार नाही.

डाव्या टीकाकारांना त्या काळी मांगानोचे उघडे पाय आणि बूगी-वूगी (अमेरिकी धाटणीचा नाच) खटकली होती. पण सिल्व्हाना फोटोकथांची मासिकं वाचते, ग्रामोफोनवर नाचते, म्हणूनच वाल्टरच्या थापांना भुलते. ते काढलं तर तिच्या वागण्याचं कारणच जातं.

ओठ आणि आवाज जुळत नसतील तर प्रत खराब आहे असं समजू नका. त्या काळी इटलीत आवाज बहुधा चित्रीकरणानंतर भरत. इंग्रजी डबिंगपेक्षा मूळ इटालियन आवाजातली प्रतच निवडा.