उभयचर म्हणजे नेमकं काय?

प्रश्न असा आहे: दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरात लढलेले अमेरिकी नौदलाचे अधिकारी रिचमंड केली टर्नर यांना ‘उभयचर दलाचे सेनापती’ म्हणावं, की ‘उभयचर’ हा शब्द बेडकापुरताच ठेवावा?

म्हणावं. बेडूक शाळेत झालाय, तो पुन्हा नको. ‘उभयचर’ म्हणजे इंग्रजीवरून पाडलेला निर्जीव प्रतिशब्द, असं म्हणणाऱ्यांनी मात्र जरा मुळाशी जावं. ॲम्फिबियस म्हणजे ग्रीक ‘आम्फी’ अधिक ‘बिओस’. त्यातला ‘बिओस’ हा आपल्या ‘जीव’चा सख्खा भाऊ. मूळ एकच कंठ्य ध्वनी, ग्रीकात त्याचा ‘ब’ झाला, संस्कृतात ‘ज’. ‘आम्फी’चं नातं संस्कृत ‘अभितः’शी (सभोवती) जोडून कोशकार थांबतात, आणि इथे ते फार लवकर थांबतात. ग्रीकात ‘आम्फो’ म्हणजे ‘दोघे’ असा शब्द शेजारीच आहे, आणि त्याचा भाऊ संस्कृत ‘उभौ’. माझं मत असं, की समासातला ‘दोन्हीकडे’ हा अर्थ बोलणाऱ्याच्या कानात या ‘आम्फो’मुळेच पक्का झाला. म्हणजे अख्खा शब्द ‘उभ-जीव’! आपण ‘जीव’ काढून ‘चर’ घातला. लष्करासाठी तोच जास्त चांगला, कारण तिथे प्रश्न जगण्याचा नसून पाण्यातून जमिनीवर जाण्याचा असतो.

चीड येते ती ‘उभयचर सैनिक’ आणि ‘उभयचर बोट’ सर्रास वाचून. 20 नोव्हेंबर 1943 ला प्रशांत महासागरातल्या, जपान्यांच्या ताब्यातल्या तारावा या प्रवाळद्वीपावर चढाई झाली तेव्हा टर्नर पाचव्या उभयचर दलाचे प्रमुख होते (स्वतः ते माकिन या दुसऱ्या बेटापाशी होते, तारावाची बाजू रिअर ॲडमिरल हिल यांच्याकडे होती). सैनिक उतरवणाऱ्या हिगिन्स बोटीला, ती भरलेली असली की, जवळपास चार फूट पाणी लागतं. त्या दिवशी भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती, प्रवाळाच्या कड्यावर पाणी तीन फूट किंवा त्याहून कमी. बोटी कड्याशीच अडकल्या आणि सैनिक गोळीबारात शेकडो यार्ड पाणी तुडवत गेले. कडा ओलांडू शकली ती पट्ट्यांवर चालणारी सव्वाशेच्या आसपास वाहनं. एकेकट्याने ‘उभयचर’ म्हणवून घ्यायचा हक्क फक्त त्यांचा. बोटीला सरळ ‘सैन्य उतरवणारी बोट’ म्हणा.

दल मात्र उभयचर असतं, कारण जहाजाच्या तळापासून किनाऱ्यापर्यंतची सगळी साखळी त्यात येते. जे आधी लागणार ते जहाजात शेवटी भरायचं, हा तिथला पहिला नियम. सॉलोमन बेटांपैकी ग्वाडलकनालच्या मोहिमेआधी, जुलै 1942 मध्ये, न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनच्या धक्क्यावर व्यापारी पद्धतीने (म्हणजे फक्त जागा वाचेल असा) भरलेला माल उतरवून पुन्हा भरावा लागला. पावसात पुठ्ठ्याची खोकी फुटली आणि खाण्याच्या मालाचा धक्क्यावर चिखल झाला. पुढे किनाऱ्यावर माल हलवायला माणसं अपुरी पडली. त्यातच जवळच्या साव्हो बेटापाशी रात्री झालेल्या लढाईत मित्रराष्ट्रांच्या चार जड क्रूझर युद्धनौका बुडाल्या, आणि 9 ऑगस्टला टर्नर यांनी अर्धवट रिकामी झालेली जहाजं मागे नेली.

आणखी एक: त्या वेळी ते रिअर ॲडमिरल होते, पूर्ण ॲडमिरल झाले मे 1945 मध्ये. तेव्हा 1942 बद्दल लिहिताना हुद्दा जपून लिहावा.