गाठ अजून दिसते, म्हणजे गुण आलाच नाही का?

न्यूरोब्लास्टोमा, म्हणजे लहान मुलांना होणारा एक कॅन्सर, झालेल्या मुलांचे आईवडील माझ्याकडे समुपदेशनाला आले की बसता बसताच हा प्रश्न येतो. केमोच्या सायकल झालेल्या असतात, नवा रिपोर्ट हातात असतो आणि गाठ "अजून आहेच" म्हणून रात्रीची झोप उडालेली असते.

गोव्यातल्या साखळीजवळच्या गावातली एक आई अशीच आली. मुलगी तीन वर्षांची. पोटात अ‍ॅड्रिनल ग्रंथीची (मूत्रपिंडाच्या वर असते ती) गाठ, हाडांत आणि बोनमॅरोत, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजात, पसरलेली. उपचार मुंबईला, थिवीहून रात्रीची कोकणकन्या धरायची, ते या घराच्या अंगवळणी पडलं होतं. आईने पिशवीतून वही काढली. पानभर फक्त सेंटिमीटर: 8.2, मग 4.9, मग 4.7.

"अडून बसली बघा, मॅडम. औषध लागू पडत नाही."

"हे कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? मला हाताला लागते ना."

मग हळूहळू कळलं. ती रोज मुलीचं पोट चाचपत होती, सकाळी आणि झोपताना. शेजारी बसलेल्या आजी तेव्हा बोलल्या, "हल्ली ती आईकडून न्हाऊनच घेत नाही. फ्रॉक धरून ठेवते. माझ्याकडे येते." आई एकदम गप्प झाली. मीही घाई केली नाही. माझ्या कामाची बैठक अशी, की घटनेपेक्षा तिच्यावरून काढलेला निष्कर्ष माणसाला जास्त छळतो. आणि तो निष्कर्ष माणसाने स्वतःच तपासून पाहावा लागतो.

बऱ्याच वेळाने मी म्हटलं, "वहिनी, रिपोर्टची दुसरी पानं मला वाचून दाखवाल?"

तिने ती उलटलीच नव्हती. एकेक शब्द लावत वाचत गेली. बोनमॅरो: दोन्ही बाजूंच्या नमुन्यांत रोगाच्या पेशी नाहीत. एमआयबीजी स्कॅन (या रोगाच्या पेशी उजळवून दाखवणारा): क्युरी स्कोअर, म्हणजे त्या स्कॅनमध्ये रोग किती पसरलेला दिसतो याचा आकडा, आधी 13, आता 1.

"म्हणजे हाडांतलं..." ती थांबली. "हे मी लिहिलंच नाही वहीत."

एवढी वर्षं या खुर्चीवर बसून माझी खात्री झाली आहे, की माणूस सहसा तोच आकडा धरून बसतो जो त्याच्या हाताला लागतो. हाताला लागणाऱ्या गोष्टीवर आपला ताबा आहे असं वाटतं. बोनमॅरो कुणाच्या हाताला लागणार?

या आजारात गुण एकाच जागी मोजत नाहीत. 1993 साली ठरलेले आंतरराष्ट्रीय निकष 2017 मध्ये सुधारले गेले. त्यांत तीन जागा पाहतात: मूळ गाठ, हाडांत वा इतरत्र पसरलेला रोग, आणि बोनमॅरो. मूळ गाठीची सर्वांत मोठी लांबी किमान 30 टक्के घटली तर तो अंशतः प्रतिसाद धरतात, 8.2 वरून 4.7 ही त्याहून मोठी घट आहे. 10 मिलिमीटरपेक्षा लहान अवशेष उरला आणि एमआयबीजीत तो अजिबात उजळला नाही, तर त्या जागेपुरता पूर्ण प्रतिसादच म्हणतात. कधी उरलेल्या गाठीत परिपक्व झालेल्या, निरुपद्रवी पेशी जास्त असतात. अशी गाठ केमोने फारशी आकसत नाही. क्युरी स्कोअर 30 पर्यंत जातो, आणि सुरुवातीच्या केमोनंतर तो 2 च्या वर राहिला तर डॉक्टर जास्त काळजीत पडतात. काही मुलांच्या गाठी एमआयबीजीत दिसतच नाहीत, त्यांच्यासाठी पेट स्कॅन करतात.

खोटा धीर मी देत नाही. चांगल्या प्रतिसादानंतरही हा आजार उलटू शकतो, हे मी तिला सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि वहीत तीन रकाने आखले. पोट तपासायचं काम डॉक्टरांकडे सोपवलं. काही आठवड्यांनी आजींनी कळवलं, मुलगी पुन्हा आईकडे न्हायला बसते. या कामात मला याहून मोठी पावती नको असते.

वडिलांचा प्रश्न वेगळा होता. "नेटवर पन्नास टक्के लिहिलंय. आमची मुलगी कुठल्या पन्नासात?"

हा आकडा म्हणजे जास्त धोक्याच्या गटातल्या मुलांपैकी किती वाचतात याचा ढोबळ हिशेब आहे, तोही बरीच वर्षं आधी उपचार घेतलेल्यांचा. जीडी2 विरोधी औषधाला (या रोगाच्या पेशींवरच्या जीडी2 नावाच्या खुणेवर नेम धरणाऱ्या) अमेरिकेत 2015 साली मान्यता मिळाली. जुन्या आकड्यांतल्या कितीतरी मुलांना ते मिळालेलंच नव्हतं. निदानाच्या वेळचं वय 18 महिन्यांच्या आत की पुढे, रोग किती पसरला, गाठीच्या पेशींत एमवायसीएन नावाच्या जनुकाच्या प्रती वाढल्यात का, यांवर गट ठरतो. त्यात उपचारांना मिळालेल्या प्रतिसादाची भर पडते.

म्हणून टक्के विचारायचेच असतील तर डॉक्टरांना असे विचारा: "आमचं मूल कोणत्या गटात, आणि का? तिन्ही जागी आज काय दिसतंय? पुढच्या तपासणीत काय दिसलं तर तुम्ही उपचार बदलाल?" उत्तरं तिथेच लिहून घ्या, आणि दोघांनीही ऐका, एकाने ऐकून दुसऱ्याला सांगताना निम्मं गळतं.