प्रभाव, छाप, ठसा की पगडा? मायकेल जॅक्सनच्या निमित्ताने

एका वाचकाने पुढील वाक्य पाठवले आहे : ‘दिवंगत पॉप गायक मायकेल जॅक्सन याचा सोल आणि हिप-हॉप या संगीतप्रकारांवर चिरस्थायी प्रभाव आहे.’ (सोल म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची भावपूर्ण गायकी; हिप-हॉप म्हणजे ठोक्यांवर लयीत शब्द म्हणण्याचे, अर्थात रॅपचे, संगीत.) या वाक्यात ‘प्रभाव’ योग्य आहे, की ‘छाप’, ‘ठसा’ किंवा ‘पगडा’ यांपैकी एखादा शब्द अधिक नेमका ठरेल, असा त्यांचा पहिला प्रश्न आहे. जुन्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा नव्या गाण्यात वापरण्याला, म्हणजे सॅम्पलिंगला, मराठीत काय म्हणावे, हा दुसरा.

व्याकरणाच्या दृष्टीने वाक्यात चूक नाही. तरीही ते वाचून जॅक्सनने नेमके काय दिले, हे कळत नाही, आणि त्याचे कारण ‘प्रभाव’ या शब्दाच्या ऐसपैसपणात आहे. ‘प्र’ उपसर्ग आणि ‘भू’ धातू यांपासून आलेल्या या शब्दाचा जुना अर्थ सामर्थ्य किंवा तेज असा आहे. ‘नामाचा प्रभाव’ म्हणताना नामाच्या अंगचे बळच अभिप्रेत असते. दुसऱ्यावर घडलेला परिणाम या अर्थानेही तो आता पूर्ण रुळला आहे. मात्र अनुकरण, संस्कार, उसनवारी आणि परंपरा या सगळ्यांसाठी तो एकटाच राबवला, तर वाक्याची धार जाते. मराठीत याच परिसरातले आणखी तीन शब्द आहेत आणि प्रत्येकाचे क्रियापद वेगळे आहे : छाप पडते, ठसा उमटतो, पगडा बसतो. ही क्रियापदे नीट ऐकली की अर्थातला फरक आपोआप स्पष्ट होतो.

पगड्यापासून सुरुवात करतो, कारण जॅक्सनच्या बाबतीत काळाच्या क्रमानेही तोच पहिला येतो. ‘रूढींचा पगडा’, ‘अंधश्रद्धेचा पगडा’ अशा प्रयोगांमुळे या शब्दाला थोडी नकारात्मक छटा आली असली, तरी त्याचा गाभा ‘पकड’ हा आहे. ज्याच्यावर पगडा बसला, त्याला त्या काळापुरते दुसरे काही सुचत नाही. १९६८ च्या जुलैमध्ये जॅक्सन भावंडांनी मोटाउन या ध्वनिमुद्रिका कंपनीसाठी चाचणी दिली, तिचे चित्रीकरण उपलब्ध आहे. त्यात नऊ वर्षांचा मायकेल प्रसिद्ध सोल गायक जेम्स ब्राउनचे गाणे गातो आणि पावले, गिरक्या, हुंकार हे सारे ब्राउनचेच करतो. येथे ‘ब्राउनचा मायकेलवर पगडा होता’ हेच वाक्य शोभते. पुढे २००६ च्या डिसेंबरमध्ये ब्राउनच्या अंत्यविधीच्या वेळी ऑगस्टा येथे जॅक्सनने जाहीरपणे ब्राउनला आपली सर्वांत मोठी प्रेरणा म्हटले.

यावरून मूळ वाक्यातली एक अडचणही लक्षात येते. सोल हा प्रकार जॅक्सनच्या आधीचा आहे आणि तो स्वतः त्यातूनच घडला. त्यामुळे ‘सोलवर जॅक्सनचा प्रभाव’ असे सरसकट म्हटल्यास ओघ उलटा वाहू लागतो. ‘नंतरच्या सोलवर’ किंवा ‘१९८० नंतरच्या सोल आणि आर अँड बी गायकीवर’ (आर अँड बी म्हणजे रिदम अँड ब्लूज, सोलच्या जवळचा प्रकार) असे लिहिणे आवश्यक आहे.

‘छाप’ हा शब्द छापण्याशी जोडलेला आहे आणि तो वरवर दिसणाऱ्या, चटकन ओळखू येणाऱ्या साम्यासाठी उत्तम. एखाद्या गायकाचा उंच पट्टीतला आवाज, मध्येच सोडलेला उसासा, टोपी सावरण्याची लकब पाहून ऐकणारा लगेच जॅक्सनचे नाव घेतो, तेव्हा ‘जॅक्सनची छाप आहे’ असे म्हणावे. अशर किंवा द वीकेंड या नंतरच्या गायकांविषयी लिहिताना हा शब्द चपखल बसतो. द वीकेंडने तर २०११ मध्ये जॅक्सनचे ‘डर्टी डायना’ नव्याने गाऊन ते ऋण उघडच मान्य केले. आपल्याकडे शाळा-महाविद्यालयांच्या गॅदरिंगमध्ये ‘मूनवॉक’ची, म्हणजे मागे सरकत जाणारी, ती पावले टाकणारी मुले पिढ्यान्‌पिढ्या दिसत आली, तीही छापच होय. मात्र हे पाऊल जॅक्सनने शोधले असे लिहू नये. १९८३ मध्ये मोटाउनच्या पंचविशीच्या कार्यक्रमात त्याने ते जगप्रसिद्ध केले. ‘शालामार’ या गटाचा जेफ्री डॅनियल ते १९८२ मध्येच ब्रिटिश दूरचित्रवाणीवर करत होता, आणि त्याचे मूळ रस्त्यावरच्या तरुण नर्तकांकडे, म्हणजे हिप-हॉपच्या भावकीतच, जाते. येथे एकतर्फी प्रभावापेक्षा ‘देवाणघेवाण’ हा शब्द अधिक खरा आहे.

आता ठसा. ‘ठसणे’ या क्रियापदात दाब आहे, खोली आहे. ठसा उमटवणारा निघून गेल्यावरही ठसा राहतो. म्हणूनच ‘चिरस्थायी ठसा’ किंवा ‘अमिट ठसा’ ही विशेषणे मला अनावश्यक वाटतात; टिकणे हे त्या नामातच आहे. तो कसा उमटला हे सांगण्यासाठी माझ्या दृष्टीने एकच गाणे पुरेसे आहे.

१९८२ च्या ‘थ्रिलर’ या अल्बममध्ये ‘ह्यूमन नेचर’ नावाचे मंद लयीचे गाणे आहे. चाल ‘टोटो’ या गटाच्या स्टीव्ह पोर्कारोची, शब्द जॉन बेटिसचे, निर्मिती क्विन्सी जोन्सची. १९८५ मध्ये जॅझवादक माइल्स डेव्हिसने ते आपल्या ट्रम्पेटवर वाजवले. १९९३ मध्ये एसडब्ल्यूव्ही या तीन गायिकांच्या गटाच्या ‘राइट हिअर’ या गाण्याला टेडी रायली या निर्मात्याने ‘ह्यूमन नेचर’ची जोड देऊन नवे रूप दिले. त्यानंतर वर्षभरात न्यूयॉर्कच्या नॅस या रॅपरने आपल्या ‘इल्मॅटिक’ या पहिल्या अल्बमच्या शेवटच्या गाण्यात, लार्ज प्रोफेसर या निर्मात्याच्या हातून, त्याच ‘ह्यूमन नेचर’चे तुकडे ठोक्यांवर बसवून त्यावर रॅप केला. जॅझ, सोल आणि हिप-हॉप अशा तीन दालनांत एकच गाणे पोहोचले. यांपैकी कोणीही जॅक्सनची नक्कल करत नव्हता. नॅसच्या उच्चारात, शब्दकळेत, विषयात जॅक्सन कोठेही नाही, पण त्या गाण्याच्या हवेत मात्र तो सर्वत्र आहे. येथे ‘छाप’ म्हटले तर नॅसवर अन्याय होतो, आणि ‘प्रभाव’ म्हटले तर घडलेली गोष्ट पुसट होते. ‘ठसा’ हाच शब्द हवा.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर याच उदाहरणात आहे. डेव्हिसने केले ते ‘आपल्या पद्धतीने वाजवणे’. रायली आणि लार्ज प्रोफेसर यांनी केले ते सॅम्पलिंग. त्यासाठी सुचवला जाणारा ‘नमुना’ हा शब्द मला मान्य नाही, कारण नमुना संपूर्ण मालाची कल्पना यावी म्हणून दाखवला जातो, तर संगीतातले सॅम्पल हा नव्या रचनेचा कच्चा माल असतो. १९८७ मध्ये आलेल्या एसपी-१२०० या सॅम्पलिंगच्या लोकप्रिय यंत्रात जेमतेम दहा सेकंदांचा ध्वनी मावत असे, म्हणून निर्माते तबकडी जास्त वेगाने फिरवून ध्वनी साठवत आणि नंतर त्याची गती उतरवत. या कारागिरीला ‘नमुना घेणे’ म्हणणे अपुरे आहे. ‘चाल उचलणे’ या आपल्या रूढ प्रयोगात चोरीचा आरोप दडलेला असतो. १९९१ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयाने बिझ मार्की या रॅपरच्या प्रकरणात विनापरवानगी सॅम्पलविरुद्ध निकाल दिला आणि त्यानंतर परवानगी व मोबदला हा व्यवसायाचा नियम झाला. रीतसर मोबदला देऊन घेतलेल्या तुकड्याला ‘उचललेला’ म्हणू नये.

मराठी संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून मूळ गाण्याचा उल्लेख करण्याची सुंदर प्रथा होती. ‘अमुक गाण्याच्या चालीवर’ हा प्रयोग त्यामुळे आपल्या अगदी हाताशी आहे, परंतु तो सुरावट घेऊन ती नव्याने गाण्यासाठी राखून ठेवावा. कॅमेरूनचा संगीतकार मनू दिबांगो याच्या १९७२ च्या ‘सोल मकोसा’मधील घोषासारखी ओळ जॅक्सनने ‘वॉना बी स्टार्टिन समथिंग’मध्ये थोडी बदलून स्वतः गायली, तेथे तो शोभतो, दिबांगोने त्यासाठी दावा केला होता आणि तो न्यायालयाबाहेर मिटला. सॅम्पलमध्ये मात्र मूळ ध्वनिमुद्रणच आत येते. नॉटी बाय नेचर या रॅप गटाच्या १९९१ च्या ‘ओ.पी.पी.’मध्ये जॅक्सन बंधूंचे १९७० चे ‘एबीसी’ आहे, आणि रॅपर जे-झीच्या २००१ च्या ‘इझो’मध्ये त्यांचेच १९६९ चे ‘आय वॉन्ट यू बॅक’. दोन्हीकडे मूळ तबकडीवरचा ध्वनी कानाला ओळखता येतो.

तेव्हा ‘सॅम्पल’ हा शब्द जसाच्या तसा घ्यावा, नपुंसकलिंगी चालवावा (सॅम्पल घेतले, सॅम्पलचा वापर), आणि लेखात तो पहिल्यांदा येईल तेथे ‘जुन्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा’ असा खुलासा करावा. वाचकाचे वाक्य मी असे लिहीन : ‘सोलमधूनच घडलेल्या मायकेल जॅक्सनचा ठसा पुढच्या सोल गायकीवर आणि हिप-हॉपवर उमटला, गायकांवर त्याची छाप पडली, आणि हिप-हॉपच्या निर्मात्यांनी त्याच्या ध्वनिमुद्रणांची सॅम्पल घेऊन नवी गाणी रचली.’ वाक्य लांबले आहे, हे खरे. पण शब्दमर्यादा असलीच तर दुसरा भाग गाळावा, ‘उमटला’ हे क्रियापद गाळू नये.