कॅम्पर व्हॅनसाठी चार्ज कंट्रोलर निवडताना

आधी सोलर पॅनलच्या मागचं लेबल वाचा. पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये बसून चार्जिंग सांभाळणाऱ्या कंट्रोलरची जाहिरात नंतर. लेबलवरचा ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे व्हीओसी (पॅनलला काहीच जोडलेलं नसतानाचा व्होल्टेज), सगळ्यात महत्त्वाचा. तो २५ अंश सेल्सिअसला मोजलेला असतो आणि थंडीत वाढतो, दर अंशाला साधारण ०.३ टक्के. २४ व्होल्ट व्हीओसीची दोन पॅनल सिरीजमध्ये जोडली की ४८ होतात. उणे ५ अंशांच्या सकाळी तेच ५२ च्या वर जातात. ५० व्होल्ट मर्यादेचा कंट्रोलर तिथेच जळू शकतो. १०० व्होल्टचा घ्या.

अँपिअरचा हिशोब सोपा: पॅनलचे वॅट भागिले बॅटरीचा व्होल्टेज. ४०० वॅट, १३ व्होल्ट, म्हणजे ३१ अँपिअर. छतावर आडव्या पडलेल्या पॅनलकडून पूर्ण वॅट क्वचितच येतात, त्यामुळे ३० चा चालतो.

पीडब्ल्यूएम हा कंट्रोलरचा साधा प्रकार स्वस्त, पण १८ व्होल्ट, ५.५ अँपिअरच्या पॅनलमधून १३ व्होल्टच्या बॅटरीला जेमतेम ७२ वॅट देतो. एकच छोटं पॅनल असेल तर ठीक, नाहीतर एमपीपीटीच, म्हणजे पॅनलचा जास्तीचा व्होल्टेज अँपिअरमध्ये बदलणारा प्रकार. झाडाखाली थांबायची सवय असेल तर पॅनल पॅरलल जोडा, म्हणजे एकावर सावली आली तरी बाकीची चालतात.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी असेल तर इक्वलायझेशन (लेड-अॅसिड बॅटरीसाठीचं जास्त व्होल्टेजचं चार्जिंग) बंद करा. शून्य अंशाखाली चार्जिंग थांबवणारी सोय कंट्रोलरमध्ये किंवा बीएमएसमध्ये (बॅटरीतल्या संरक्षक सर्किटमध्ये) हवीच.

जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल, काढताना उलट. उलटसुलट केल्यास काही कंट्रोलर बिघडतात. बॅटरीच्या प्लसजवळ ४० अँपिअरचा फ्यूज, वायर १० चौरस मिलिमीटर.