हृदयरोगावरच्या संशोधनाने आरोग्य धोरण खरंच बदलतं का?

बदलतं. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे हृदयरोगतज्ज्ञ हार्लन क्रमहोल्झ यांचं काम बघा. हार्ट अटॅकचा रुग्ण रुग्णालयाच्या दारात आल्यापासून ९० मिनिटांत बंद रक्तवाहिनी फुग्याने उघडावी, हे सगळ्यांना माहीत होतं. जमत थोड्यांनाच होतं. त्यांच्या गटाने वेळ गाठणारी रुग्णालयं नेमकं काय वेगळं करतात ते शोधलं. २००६ मध्ये छापून आलेली उत्तरं साधीच होती: तातडीच्या विभागातल्या डॉक्टरनेच ईसीजी बघून कॅथलॅब (रक्तवाहिनी उघडायची खोली) तयार करायला सांगायचं, हृदयरोगतज्ज्ञाची वाट बघायची नाही, एका फोनवर सगळी टीम हलली पाहिजे. अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिओलॉजी या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने लगेच देशभर मोहीम काढली आणि काही वर्षांत हा वेळ बराच घटला. ना नवं औषध, ना नवं यंत्र. मला तरी हेच जास्त भावतं.